घासून न निघणारा मळ

नातीच्या मानेवरचा काळा पट्टा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो दिवाळीच्या अंघोळीला. तिला पाटावर बसवलं, केस वर बांधले आणि मागून बघते तर मानेभोवती काळपट, जाडसर पट्टा. शर्टाच्या कॉलरला बसतो तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरात राहणाऱ्या पोरीच्या अंगावर मळ म्हणजे लोक मला काय म्हणतील, हा पहिला विचार. पोरीचा विचार दुसराही नव्हता.

उटणं घरचं होतं. घरची हळद, बेसन, वरून लिंबू पिळलेलं. आमच्याकडं हळदीचा हंगाम आला की हिंगोलीच्या बाजारातली हवासुद्धा पिवळी होते. तेव्हा हळदीनं जात नाही अशी काही वस्तू जगात असते, हे मला मान्यच नव्हतं. मी घासायला लागले. पट्टा जागचा हलेना.

"आज्जे, निघत न्हाई ते. मी रोज घासून राहिले," पोरगी म्हणाली.

"काहून न्हाई निघत? म्हशीच्या पाठीवरचं निघतं, तुझ्या मानेवरचं न्हाई निघणार?"

असं म्हणून मी पाय घासायची वजरी घेतली. ती काळी, खरबरीत, टाचांच्या भेगांसाठी असते ती. पोरगी पाटाची कड धरून बसून राहिली. पाणी गुलाबी झालं तेव्हा माझा हात थांबला. वरती मीच तिला म्हणाले, "बघ, आता कसा निघाला." काही निघालं नव्हतं. कातडी सोलली होती.

ही माझ्या लेकीची लेक. लेक दिली कनेरगाव नाक्याला. जावयाचा तिथं वाशीम रस्त्यावर ढाबा आहे. दिवसरात्र ट्रक थांबतात, पोरीचा अभ्यास होत नाही, म्हणून नववीपासून ती माझ्याकडं. आमचं गाव औंढ्याच्या अलीकडं, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून. ती एसटीनं औंढ्याच्या शाळेत जाते. घरात आम्ही दोघीच. मालक गेल्यावर शेत मी बटाईनं दिलंय. म्हणजे मला दिवसभर एकच काम होतं, या पोरीला नीट वाढवणं. ते मी असं करत होते, वजरीनं.

दिवाळी सरली आणि पोरगी पाणी पाणी करायला लागली. तांब्यावर तांब्या. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच माठाकडं. अंगानं तर ती वर्षभरात चांगलीच भरली होती. जुने ड्रेस काखेत उसवायचे. मी म्हणायचे, "वाढीचं अंग आहे." शेजारीण म्हणायची, "काकू, वाढ उभी असती. ही आडवी होऊन राहिली." मी हसायचे. पोरगी ऐकायची. ती ऐकते हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

शेवटी हिंगोलीला नेलं. डाक्टरीणबाई तरुण, माझ्या लेकीहून लहान. तिनं नाडी नाही बघितली, जीभ नाही बघितली. पोरीची वेणी बाजूला केली आणि मानेवर बोट ठेवलं. खपल्या अजून होत्या.

"हे कुणी खरडलंय?"

"मी. मळ बसला होता."

"मळ नाही, आजी. शरीरात इन्शुलिन वाढत गेलं की मान अशी काळी पडते. ही आतून आलेली खूण आहे. बाहेरून कितीही घासा, जाणार नाही. रक्त तपासू."

रक्त तपासलं. साखर निघाली. पंधरा वर्षांच्या पोरीला, आमच्या घराण्यात माझ्या माहितीत कुणाला नसलेली साखर. डाक्टरीणबाई हळू आवाजात सगळं सांगत होती: गोळी घ्यायची, रोज चालायचं, वेळेवर जेवायचं, बिस्किटं बंद, घाबरायचं नाही. पोरगी मान खाली घालून टेबलाच्या कडेकडं बघत होती. तिनं त्यातलं एकच ऐकलं असावं, की तिच्या खाण्यानं हे झालं.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. औंढ्याच्या देवळाचा कळस दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "आज्जे, मी लई खाते का?"

मी थट्टेत बोलणारी बाई. जन्मभर तोंडाला कुलूप नाही. म्हणाले, "न्हाई बाई, तुझ्यापरीस आपली बकरी जास्त खाती." मला वाटलं, हसेल.

त्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं.

टाकलं म्हणजे ताटावर बसायची. भाकरी मोडायची, चुरायची, वरणात बुडवायची, आणि मी पाठ फिरवली की बकरीला घालायची. हे मला बकरीच्या पोटावरून कळलं. डबा शाळेतून रिकामा यायचा, तो कुणाला देऊन यायची देव जाणे. आणि एवढं करूनही अंग उतरेना. चेहरा मात्र पांढराफटक पडला. मग एक दिवस शाळेतून निरोप आला की प्रार्थनेला उभी असताना कोसळली. मी पोचले तेव्हा बाकावर झोपवलेली होती. मला बघून म्हणाली, "थोडी कमी झाली असन का गं साखर?"

ही पोरगी साखरेनं नाही, आमच्या बोलण्यानं मरेल, असं त्या बाकाजवळ मला पहिल्यांदा वाटलं.

मी पुन्हा हिंगोलीला गेले, या वेळी एकटी. डाक्टरीणबाईला म्हणाले, "बाई, मला सरळ सांगा. ती दोन भाकरी खाते. मी तिच्या वयाची असताना तीन खायची, वर ताक प्यायची, आणि बाभळीच्या काडीसारखी होते. मग हिच्याच अंगाला काहून लागतंय?"

ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर रानात राबत होता, आजी. ही बाकावर बसते."

"ते झालं. अजून काय?"

मग ती घरातलं विचारायला लागली. पाणी कशात भरता, गरम भाजी कशात आणता, फवारणी घराच्या किती जवळ होते. मला वाटलं, ही मूळ सोडून पानं मोजत बसली. पण तिनं समजावलं ते असं. शरीरात निरोपे असतात. भूक लागली, भूक भागली, चरबी साठव, चरबी जाळ, हे निरोप ते अवयवांना पोचवतात. त्यांना हार्मोन म्हणतात. काही प्लास्टिकमधली, काही फवारणीच्या औषधांमधली रसायनं शरीरात गेली की या निरोप्यांसारखीच वागतात, आणि भलतेच निरोप देतात.

"म्हणजे बहुरूपी," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मी सांगितलं, आमच्या गावात बहुरूपी फौजदार बनून यायचा. खाकी कपडे, शिट्टी, हातात दांडा. दारात उभा राहून दरडावायचा, आणि माणसं खरंच हात जोडायची. माझ्या नणंदेनं तर एकदा भिऊन चुलीवरचं दूध त्याच्यापुढं ठेवलं होतं.

डाक्टरीणबाई हसली. "तसंच समजा. फक्त आतले अवयव त्याला ओळखू शकत नाहीत. तो 'साठव' म्हणाला की ते साठवतात. पण आजी, हा अजून संशय आहे. अभ्यास चालू आहेत. तुमच्या नातीला यामुळंच झालं असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. खाणं, बसणं, झोप, वारसा, सगळं मिळून होतं. त्यात याचाही हात असू शकतो."

असू शकतो. एवढंच. पण बुडत्याला काडी लागते. मी मनात ती काडी घट्ट धरली, आणि धरल्या धरल्या मला ती शहाणी आठवली.

ती शहाणी म्हणजे मीच, नव्यानं नांदायला आलेली. हिला सातवीपर्यंतच्या शाळेचा असा गर्व की सासरी पाऊल टाकल्यापासून सगळ्या घराला सुधारायला निघाली. घरात सासूचा तांब्याचा हंडा होता. जड, खाली पोचे पडलेला, दर दोन दिवसाला चिंच लावून घासावा लागणारा. रानात पाणी न्यायचं तर तो डोक्यावर. हिची मान दुखायची. त्या सुमारास कापसावर फवारायचं औषध निळ्या कॅनमधून यायला लागलं. झाकण घट्ट, धरायला मूठ, पडली तरी फुटत नाही. औषध संपलं आणि हिनं ती कॅन घरात आणली. राखेनं घासली, उकळतं पाणी ओतून खळबळली, उन्हात उपडी टाकली, वरून गोणपाट शिवून ओलं केलं. पाणी असं गार राहायचं की काय सांगू. गावातल्या बाया बघायला आल्या. वास यायचा जरासा. ती सांगायची, "वास हाय म्हणूनच किडे पडत न्हाईत." असं ज्ञान.

सासूनं त्यातलं पाणी घेतलं नाही. कारण काय, तर तिनं कॅनवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाली, "वाजत न्हाई ते भांडं कसलं?"

"आत्याबाई, पाणी प्यायचं का भजन करायचं त्याच्यावर?" हे उत्तर सुनेचं. नवी नवरी, सासूला.

सासू आपल्या हंड्यातलंच पाणी पीत राहिली. मालकांनीही तोंड लावलं नाही, त्यांना आईच्या पुढं जायचं नव्हतं. मग राहिलं कोण? आपलं शहाणपण खरं ठरवायला ती एकटीच पूर्ण उन्हाळाभर त्या कॅनमधलं पाणी पीत राहिली. तहान नसताना पीत राहिली. सासू बघत असली तर जरा जास्तच, घटघट आवाज करून, पदरानं तोंड पुसून. आणि पोटात तेव्हा लेकरू होतं. माझी ही लेक, कनेरगावची.

हे मी डाक्टरीणबाईला सांगितलं. आणि विचारलं, पोटातल्या लेकरापर्यंत ते जातं का?

ती म्हणाली, "पोटातला काळ नाजूकच असतो. त्या वेळी शरीराची घडी बसत असते, म्हणून त्याचाच जास्त अभ्यास करतात." आणि मग, मला वाटतं तिला ते बोलायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. "मुलगी पोटात असते ना, आजी, तेव्हाच तिच्या पोटात तिच्या पुढच्या लेकरांची बीजं तयार झालेली असतात."

मी परतीच्या गाडीत उभी राहून आले. बसायला जागा होती. त्या उन्हाळ्यात मी एकटी पीत होते असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. आम्ही तिघी पीत होतो.

घरी आल्यावर अंगात वारं शिरल्यासारखं झालं. पाण्याचा ड्रम, बादल्या, लोणच्याच्या बरण्या, डबे, पोरीची शाळेची बाटली, तिखटमिठाचे डबे, प्लास्टिकचं तेवढं सगळं अंगणात आणून टाकलं. माळ्यावरून सासूचा हंडा काढला, चिंच लावून लख्ख केला. भरला तर बुडातून थेंब थेंब गळायला लागला. खाली ओल नको म्हणून मी घाईत हाताला आलं ते भांडं सरकवलं, आणि बघते तर ते प्लास्टिकचं घमेलं. मीच हसले. मग हसणं थांबेना आणि त्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. दूध पिशवीतून येतं. मीठ पिशवीतून येतं. हातात हंडा तांब्याचा, पण नळाचं पाणी येतं ते काळ्या नळीतून. आणि कालव्यापलीकडच्या हळदीवर फवारणी चालू होती, तिचा वास थेट अंगणात. वाऱ्याला कुठल्या भांड्यात घालू?

तेवढ्यात शेजारीण आली. "काकू, टाकून देऊन राहिल्या का हे? ड्रम चांगला हाय की." आणि दोन डबे काखेत मारून निघालीसुद्धा. तिच्या घरात पाळणा हलतोय. मी मागं धावले, काखेतून डबे ओढून घेतले.

"दे इकडं."

"अगं बाई, टाकायचे तर टाकायचे, पण मला न्हाई द्यायचे. असं हाय व्हय तुमचं?"

तिला काय सांगू? बहुरूपी सांगू? संशय सांगू? ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तो ढीग मागच्या भिंतीला पडलाय. देता येत नाही, जाळला तर धूर, पुरला तर माती आपलीच. वर गोणपाट टाकून ठेवलंय.

शाळेतलं कळल्यावर लेक आली. हातात नेहमीसारखी पिशवी. जावई मायाळू माणूस; बोलत नाही, पण पोरीसाठी ढाब्यावरची शेवभाजी कढईतून काढून उकळती प्लास्टिकच्या पन्नीत बांधून पाठवतो. ती पन्नी अजून इतकी गरम होती की हातात धरवेना. मी ती घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात ओतली.

लेकीनं बघितलं. दारातच उभी राहिली.

"माय, त्यानं पहाटं उठून केली ती."

"पन्नीत काहून बांधली?"

"मग कशात बांधू, माझ्या पदरात?" तिचा आवाज चढला. "पोरगी तुझ्याकडं पाठवली तवा चांगली होती. आता साखर काय, चक्कर काय. मी तिला घिऊन चालले. शाळा गेली खड्ड्यात."

मग मी तिला सगळं सांगितलं. निळी कॅन, तो उन्हाळा, बीजं. मला वाटत होतं, दोष माझा निघाला तर बरं. दोष एकदा कुणाच्या पदरात पडला की दुसऱ्यांना पदर झटकता येतो. पोरगी सुटली असती. मी पदर पसरून बसले होते, पण लेक दोष त्यात टाकेना.

"मी बी व्हते ना तुझ्या पोटात? मी तर जवळून पेले ते पाणी. मग मला काहून न्हाई साखर?"

मी रिकामी पन्नी हातात चुरगळत राहिले. हे तर डाक्टरीणबाईलाही सांगता आलं नसतं.

"म्हंजे तुला ठाऊक न्हाई," लेक म्हणाली. "नुसतं आपलं बोलून राहिलीस." आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडावरचा राग गेला आणि जे राहिलं ते बघवत नव्हतं. "माय, ठाऊक असतं तर बरं झालं असतं गं."

आतल्या खोलीचं दार कुरकुरलं. पोरगी उभी होती, कधीची कोण जाणे. ओढणी मानेभोवती गुंडाळलेली, हल्ली ती तशीच गुंडाळते.

"म्हंजे मी हावरट हाय म्हणून न्हाई झालं?"

सगळं कॅननं झालं म्हणाले असते, तर पोरीनं गोळी फेकली असती आणि चालणं सोडलं असतं. नशिबात आलंय तर चालून काय करू? आणि कॅनचं काही नाही म्हणाले असते, तर उद्यापासून पुन्हा बकरी जाड.

"हावरट तू न्हाईस," मी म्हणाले. "हावरट ती शहाणी होती. तहान नसताना पाणी प्यायची, सासूला जळवायला."

"कोण शहाणी?"

मग मी सांगायला लागले. टिचकी, भजन, घटघट आवाज, पदरानं तोंड पुसणं. उठून करूनच दाखवलं. लेक भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती, ती मध्येच फिस्कन हसली. मी बोलता बोलता पोरीपुढं ताट सरकवलं. अर्धी भाकरी, वरण, मेथी. "मग सासू काय म्हणली?" असं म्हणत तिनं घास मोडला आणि तोंडात टाकला. मी ताटाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचा हात थांबला असता.

लेक तिला न नेता गेली. जाताना म्हणाली, "खाते ना बग." आता भाजी स्टीलच्या डब्यात येते, झाकणाला फडकं बांधून.

तेव्हापासून आमचं हे चाललंय. शाळेतून आली की आम्ही कालव्याच्या कडेनं चालतो, फवारणी नसेल त्या अंगाला. मग जेवण. जेवताना तिला त्या शहाणीचं काहीतरी लागतं. शहाणीनं बकरीला साबण लावला. शहाणी औंढ्याच्या जत्रेत दुसऱ्याच्याच बैलगाडीत बसून अर्ध्या वाटेला गेली. शहाणीनं पाहुण्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पाहुण्यांनी लाजेनं पिऊन टाकला. जोवर पोरगी हसते तोवर जेवते. गोष्ट संपली की हात धुते, ताटात काय असेल ते असो. म्हणून मी गोष्टी लांबवते. मी एवढी मूर्ख नव्हते, हे तुम्हाला म्हणून सांगते. खऱ्या चुका केव्हाच संपल्या. आता मी रचून सांगते. बाईच्या एका जन्मात मूर्खपणा असून असून किती असणार?

परवा पुन्हा रक्त तपासलं. साखर तिथंच आहे. डाक्टरीणबाई पहिल्यांदा सुईचं बोलली. पोरीनं घरी येऊन ओढणी आणखी एक वेढा घट्ट केली.

जेवायला बसली तेव्हा ताटाला हात लावेना. मी भाकरी वाढली, वरण वाढलं, समोर बसले. डोकं रिकामं. एक गोष्ट सुचेना. हंडा कोपऱ्यात थेंब थेंब गळत होता, खाली पितळी परात ठेवलीय, तिच्यात वाजत होता. तिनं पाणी घ्यायला मान वळवली, ओढणी जराशी सरकली, आणि तो काळा पट्टा दिसला. जसा होता तसाच.

"आज ती काही करत न्हाई का?" तिनं विचारलं, ताटाकडं न बघता.

"करती ना," मी म्हणाले. "आज तर तिनं हद्दच केली. तिला नातीच्या मानेवर मळ दिसला."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. हसली नाही.

"मग?"

"मग म्हातारीनं पाय घासायची वजरी घेतली."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला नाही, नुसता हातात धरून बसली, पुढचं ऐकायला. मी सांगत राहिले.